अंधारखोलीचा वारसा
(फाळके कुटुंबाच्या घरगुती प्रयोगशाळेपासून चित्रपटांच्या पुनरुज्जीवनापर्यंत)

शिरूर आणि दौंड परिसरातील ज्येष्ठ मंडळींना तंबूतला सिनेमा अजून आठवत असेल. यात्रेच्या दिवसांत गावाबाहेरच्या माळावर तंबू उभा राही, दुपारपासून कर्ण्यावर गाणी वाजू लागत आणि सायंकाळी पत्र्याच्या पेट्यांतून रिळे बाहेर निघत. रेल्वेच्या पार्सलाने वा एस.टी.च्या टपावरून आलेल्या त्या पेट्यांकडे मुले कुतूहलाने पाहत. पडद्यावर दिसणाऱ्या नटनट्यांची नावे सर्वांना पाठ असत. क्वचित दिग्दर्शकाचे नावही कोणी सांगे. परंतु त्या पेटीतील फिल्म कोणी धुतली, कोणी सुकविली, तिच्या प्रती कोणी काढल्या, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे.

वास्तविक चित्रपट कॅमेऱ्यासमोर पूर्ण होत नाही. कॅमेऱ्यातून निघालेल्या फिल्मवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. ती अंधारात रसायनांतून काढावी लागते, धुवावी लागते, वाळवावी लागते. मग तिच्यावरून प्रत छापायची, तुकडे कापून जोडायचे, आणि पुढे बोलपटाच्या काळात आवाजाची जोड द्यायची. चित्रपटाचा खरा जन्म असा प्रयोगशाळेच्या अंधारात होतो. आणि चित्रपट जुना झाला, झिजला, बुरशीने ग्रासला, म्हणजे पुन्हा त्याच अंधारात परत जावे लागते. या कामाचा इतिहास भारतात एका मराठी कुटुंबाच्या राहत्या घरात सुरू झाला. तो इतिहास जितका अभिमानाचा आहे, तितकाच सावध करणारा आहे.

घर हीच प्रयोगशाळा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, ठसे करणे, रंगीत छपाई ही कामे त्यांनी हाताने केली होती. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून त्यांनी छपाईचा व्यवसायही केला. म्हणजे चित्रपटाकडे वळण्याआधीच रसायने, काचा, भिंगे आणि अंधारखोली ही त्यांच्या परिचयाची होती. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला, नंतर पत्नी सरस्वतीबाईंनाही तो दाखविला, आणि राम-कृष्णांची चरित्रे अशीच पडद्यावर आणण्याचा त्यांचा निश्चय झाला.

हा निश्चय घरखर्चातून पार पडणारा नव्हता. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी कर्ज उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना मदत केली. त्यांच्यामुळे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील कामकाज फाळके यांना जवळून पाहता आले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, धुलाईची व छपाईची सामग्री यांची खरेदी करून ते १ एप्रिल १९१२ रोजी परतले आणि त्याच दिवशी 'फाळके फिल्म्स कंपनी'ची स्थापना झाली. दादर येथील राहते घरच कंपनीची कचेरी झाले, तोच स्टुडिओ झाला आणि तीच प्रयोगशाळाही झाली.

यंत्रे उभी राहिल्यावर पहिला प्रयोग झाला तो एका रोपाचा. कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ त्यांनी सुमारे महिनाभर एकेक चित्र घेऊन टिपली. बीजातून अंकुर आणि अंकुरातून वेल पडद्यावर मिनिटभरात वाढताना दिसली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट पाहूनच पुढील कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

या प्रयोगशाळेत दुसरे हात सरस्वतीबाईंचे होते. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडता येत असे. कॅमेऱ्यातील दात ज्या भोकांत अडकून फिल्म पुढे सरकते, ती भोके घरीच पाडावी लागत. फिल्मवर प्रकाश पडून चालत नसल्याने हे काम अंधारातच करणे भाग होते. दिवसभराचा संसार उरकून सरस्वतीबाई हे काम करीत. रसायने मिसळण्यास आणि फिल्म धुण्यास त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर प्रकाश परतविण्याचे कामही त्यांनी केले. कंपनीत राहणाऱ्या साठ-सत्तर माणसांच्या जेवणाची व्यवस्था त्यांच्याच शिरावर होती, आणि पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनी काढून दिले.

या श्रमांचे माप घेण्यास एक साधा हिशेब पुरे आहे. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला एका फुटात एका कडेला चौसष्ट भोके असतात, म्हणजे दोन्ही कडांना मिळून एकशे अठ्ठावीस. ३,७०० फुटांना ही संख्या पावणेपाच लाखांच्या घरात जाते. हा हिशेब केवळ एका लांबीचा आहे. चित्रीकरणात वाया गेलेली आणि प्रतींसाठी लागणारी फिल्म त्यात धरलेली नाही. यापैकी एखादे भोक जरा सरकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. तेव्हा सत्यवचनी राजाचे चित्र पडद्यावर स्थिर उभे राहिले, यात एका गृहिणीच्या अंधारातल्या जागरणाचा वाटा मोठा होता.

धुलाईचे कामही तसेच जिकिरीचे. त्या काळच्या धुलाईत लाकडी चौकटीवर वा पिंपावर गुंडाळलेली फिल्म लाल दिव्याच्या मंद उजेडात रसायनात बुडवीत. चित्र उमटू लागले की क्षण साधून ती पाण्यात घ्यावयाची, मग हायपोच्या द्रावणात चित्र कायम करावयाचे, पुन्हा भरपूर पाण्याने धुवावयाचे आणि धूळ लागू न देता वाळवावयाचे. पाणी उन्हाने तापले तर थर सैल पडे, हायपो नीट धुतला गेला नाही तर काही वर्षांनी चित्रावर डाग चढत. आज ज्या कामाला वातानुकूलित दालने लागतात, ते काम दादरच्या घरात मुंबईच्या दमट हवेत झाले.

सहा महिने सत्तावीस दिवसांच्या खटपटीनंतर चार रिळांचा चित्रपट तयार झाला. त्यात रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली होती. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु जिच्या हातांनी फिल्म तयार झाली, त्या खऱ्या स्त्रीचे नाव पुष्कळ वर्षे इतिहासाच्या समासातच राहिले.

नाशिक आणि 'चित्रपट कसे तयार करतात'

१९१३ मध्येच फाळके यांनी आपला कारभार नाशिकला नेला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री', 'लंका दहन' हे चित्रपट तेथे झाले. १९१४ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले, तेव्हा तेथेच राहून काम करण्याचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला होता. तो नाकारून ते नाशिकला परतले.

१९१७ च्या सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या विषयावरच एक लघुपट काढला. स्वतः फाळके त्यात कलावंतांना सूचना देताना आणि फिल्म हाताळताना दिसतात. पडद्यावरचा चमत्कार दाखवून टाळ्या मिळविणाऱ्या माणसाने पडद्यामागचे कष्टही लोकांना दाखवावेत, यात त्यांच्या वृत्तीचा मोठेपणा आहे. विद्या झाकून ठेवावी असे त्यांना वाटले नाही. या लघुपटाचा काही भाग आजही पाहावयास मिळतो.

१९१८ मध्ये भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' उभी राहिली आणि १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' आला. त्यात बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. मात्र भागीदारीत घरचेपण राहिले नाही. मतभेद झाले, फाळके काही काळ बाजूला झाले, पुन्हा परतले. बोलपट आल्यावर काळ त्यांच्या पुढे निघून गेला. कोल्हापूर येथे काढलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या घराने चित्रसृष्टी उभी केली, त्या घरात तिच्या संपत्तीपैकी फारसे काही उरले नव्हते. उरल्या होत्या त्या काही फिल्मच्या पट्ट्या, कागद आणि वह्या.

'प्रभात'चे पंचक

फाळके यांच्या पाठोपाठ कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवून 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' चालविली. तिच्यातच तयार झालेल्या विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन केली. पाच भागीदारांत दामले हे ब्राह्मण, फत्तेलाल हे मुसलमान, तर शांताराम यांचे वडील जैन आणि आई हिंदू. भिन्न घरांतून आलेली ही माणसे एका कुटुंबासारखी राहिली आणि प्रत्येकाने एकेका विभागाची जबाबदारी उचलली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, धुलाई आणि संकलन ही सारी कामे एका आवारात करणारा तो स्टुडिओ देशातील अग्रगण्य स्टुडिओंपैकी एक ठरला.

प्रयोगशाळेचे महत्त्व 'प्रभात'ला एका अपयशातूनही कळले. 'सैरंध्री' (१९३३) हा चित्रपट रंगीत करण्याची महत्त्वाकांक्षा होती. रंगीत धुलाई व छपाईची सोय देशात नसल्याने निगेटिव्ह जर्मनीस न्यावी लागली. हाती आलेले रंग समाधानकारक नव्हते आणि हा महागडा प्रयोग फसला. चित्र कितीही सुंदर टिपले तरी ते धुणारे हात आपल्या देखरेखीखाली नसतील तर कष्ट वाया जातात, हा त्याचा धडा होता. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (१९३६) या कृष्णधवल चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्यामागे पुण्यातील आवारातच झालेल्या तांत्रिक कामाचीही पुण्याई होती.

१९५० च्या दशकात 'प्रभात' बंद पडली. १९६० मध्ये त्याच आवारात शासनाची फिल्म संस्था सुरू झाली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. शिरूर वा दौंडहून पुण्यास जाणाऱ्या अनेकांनी लॉ कॉलेज रस्त्यावरील या वास्तू येता-जाता पाहिल्या असतील.

जे राखले नाही, ते गेले

संग्रहालय स्थापन झाले तेव्हा फार उशीर झाला होता. भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यांच्या रूपाने शिल्लक असलेल्यांची संख्या तिसाच्या आसपास आहे. १९३१ मध्ये आलेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हा विनाश का झाला, त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण फिल्मच्या द्रव्यातच होते. जुनी फिल्म नायट्रेटच्या पायावर बनविलेली असे. ती अतिशय ज्वालाग्राही असते. एकदा पेटली की जळताना स्वतःच प्राणवायू निर्माण करते, म्हणून पाण्याखालीही तिचा पेट थांबत नाही. न पेटली तरी ती आतून कुजते. प्रथम पिवळी पडते, मग चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. १९५० च्या सुमारास नायट्रेट फिल्मचे उत्पादन थांबले आणि ॲसिटेटची 'सुरक्षित' फिल्म आली. परंतु उष्ण, दमट हवेत तीही आंबते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला की तिचा ऱ्हास सुरू झाला, असे जाणकार ओळखतात. फिल्मवरील चित्राचा थर जिलेटिनचा असतो आणि ओलावा मिळाला की त्यावर बुरशी धरते.

दुसरे कारण माणसाच्या व्यवहारात होते. कृष्णधवल फिल्मवरचे चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेले असते. चित्रपट जुना झाला, त्याची मागणी संपली, की गोदामाचे भाडे भरण्यापेक्षा फिल्म विकून तिच्यातील चांदी काढणे फायद्याचे वाटे. अनेक चित्रपट असे वितळून गेले. व्यापारी समाजाला हा हिशेब समजणे कठीण नाही. त्या दिवशीच्या भावाने तो बरोबरही असेल. पण चांदीचा भाव रोज नव्याने ठरतो, आणि गेलेली निगेटिव्ह कोणत्याही भावाने परत मिळत नाही.

राखलेल्या वस्तूही सुरक्षित असतातच असे नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म संस्थेच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या भांडारास आग लागली. 'प्रभात'च्या काळातील अमोल निगेटिव्ह तीत नष्ट झाल्या. अनेक चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच काढून ठेवलेल्या असल्याने ते चित्रपट पूर्णपणे हरपले नाहीत. मात्र मूळ निगेटिव्हमधील बारकावा प्रतीत जसाच्या तसा उतरत नाही. एक प्रत दुसरीकडे ठेवण्याची दूरदृष्टी किती मोलाची, हे त्या दिवशी दिसून आले.

वहीच्या आधारे जोडलेला चित्रपट

या पडझडीत जे वाचले, त्याचे मोठे श्रेय पी. के. नायर यांना जाते. १९६५ मध्ये ते संग्रहालयात रुजू झाले आणि पुढे त्याचे संचालक झाले. जुन्या निर्मात्यांची घरे, बंद पडलेल्या स्टुडिओंची गोदामे, भंगाराची दुकाने असे जेथे फिल्म असण्याची शक्यता, तेथे ते जात. फाळके यांच्या कुटुंबीयांशीही त्यांनी संपर्क साधला. घरात जपून राहिलेले फिल्मचे तुकडे संग्रहालयास मिळाले. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळे आज ज्ञात आहेत. ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

'कालिया मर्दन'ची कथा अधिक उद्बोधक आहे. त्याचे तुकडे होते, पण क्रम लागत नव्हता. त्या वेळी फाळके यांनी स्वतःच्या हाताने वहीत करून ठेवलेल्या नोंदी उपयोगी पडल्या. कोणत्या दृश्यानंतर कोणते दृश्य, हे त्या नोंदींवरून ठरवून चित्रपट पुन्हा जोडण्यात आला. बाळकृष्ण झालेली मंदाकिनी आज पडद्यावर हसताना दिसते, ती या जोडणीमुळे. ज्या कुटुंबाने अंधारखोलीत चित्रपट घडविला, त्याच कुटुंबाच्या पेटीने तो जपला. ती वही रद्दीत गेली असती, तर हाती केवळ अर्थहीन पट्ट्या राहिल्या असत्या. मूळ वस्तूइतकेच तिच्या नोंदीला महत्त्व असते, हे या एका उदाहरणाने सिद्ध होते.

पुन्हा एक घर, पुन्हा एक प्रयोगशाळा

फाळके यांच्या परंपरेतील दुसरे घराणे दक्षिणेत उभे राहिले. एल. व्ही. प्रसाद यांचा जन्म १७ जानेवारी १९०८ रोजी आंध्र प्रदेशातील एलुरूजवळच्या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. चित्रपटाच्या ओढीने ते मुंबईस आले, मिळेल ते काम केले आणि 'आलम आरा'त त्यांना छोटी भूमिका मिळाली. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' आणि पहिला तेलुगू बोलपट 'भक्त प्रल्हाद' यांतही ते होते. मुंबईत कष्ट करून उभा राहिलेला हा तरुण पुढे दिग्दर्शक झाला, निर्माता झाला. 'खिलौना', 'एक दूजे के लिए' हे त्यांच्या संस्थेचे हिंदी चित्रपट घराघरांत पोहोचले. चेन्नईत त्यांनी स्टुडिओ उभारला आणि १९७० च्या दशकात रंगीत फिल्मची प्रयोगशाळा सुरू केली. पुत्र रमेश प्रसाद यांनी आणि पुढील पिढीने ती वाढविली. उत्कृष्ट धुलाईसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार तिने अनेकदा मिळविले. १९८२ या वर्षासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार एल. व्ही. प्रसाद यांना देण्यात आला. एका घरगुती प्रयोगशाळेच्या संस्थापकाच्या नावाचा सन्मान दुसऱ्या घरगुती प्रयोगशाळेच्या संस्थापकाला मिळाला, हा योग अर्थपूर्ण आहे. मिळविलेल्या संपत्तीतून त्यांनी दिलेल्या देणगीमुळे हैदराबादमधील नेत्रचिकित्सा संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

२०१० च्या दशकात चित्रगृहांतून फिल्मची रिळे नाहीशी झाली आणि देशातील फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा एकामागून एक बंद पडल्या. धुलाईच्या टाक्या कोरड्या झाल्या. प्रसाद कुटुंबाने मात्र जुन्या ज्ञानाला नवे काम शोधले. जुन्या फिल्मचे संगणकाच्या साहाय्याने पुनरुज्जीवन हा त्यांच्या संस्थेचा मोठा व्यवसाय झाला. फिल्म वाचणारी स्कॅनर यंत्रे बनविणारी एक जर्मन कंपनीही या संस्थेने विकत घेतली. १९१२ मध्ये फाळके कर्ज काढून यंत्रांसाठी इंग्लंडला गेले होते. शंभर वर्षांनंतर भारतातील एका कुटुंबाने युरोपातील यंत्रांचा कारखानाच आपलासा केला.

या कामाचे स्वरूप 'मंथन'च्या उदाहरणावरून समजते. श्याम बेनेगल दिग्दर्शित हा १९७६ चा चित्रपट गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन निर्माण केला. त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या संग्रहालयात होती. ती बुरशीने व रंग उडाल्याने खराब झाली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने चेन्नईतील प्रसाद यांची प्रयोगशाळा आणि इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळा यांच्या साहाय्याने तिचे पुनरुज्जीवन केले. आवाज मात्र फाउंडेशनकडे जपलेल्या चित्रगृहातील एका प्रतीवरून घेण्यात आला. दिग्दर्शक बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी या दोघांचेही त्यास मार्गदर्शन होते. मे २०२४ मध्ये फ्रान्समधील कान येथील महोत्सवात हा चित्रपट दाखविण्यात आला आणि पाठोपाठ भारतातील चित्रगृहांतही लागला.

असे काम करताना प्रथम फिल्मची प्रत्यक्ष तपासणी होते. तुटलेली भोके आणि उखडलेले जोड हाताने दुरुस्त करतात, कारण फाटकी फिल्म यंत्रात घातली तर आणखी फाटते. मग ती स्वच्छ करून एकेक चित्र स्कॅन करतात. एका सेकंदात चोवीस चित्रे या हिशेबाने सुमारे सव्वादोन तासांच्या 'मंथन'मध्ये एक लाख नव्वद हजारांहून अधिक चित्रे भरतात. त्यांवरील ओरखडे, डाग, थरथर काढायची, उडालेले रंग मूळ छायालेखकाच्या मनातले होते तसे आणायचे आणि आवाजातील खरखर कमी करायची. संगणक पुष्कळ मदत करतो, तथापि पडद्यावर उडणारी खरी धूळ कोणती आणि फिल्मवर बसलेली धूळ कोणती, हे अखेर माणसाच्या नजरेलाच ठरवावे लागते. सरस्वतीबाईंनी भोके पाडताना जी एकाग्रता दाखविली, तीच येथेही लागते.

जतन हेही निर्माणच

जुने ते प्रतीच्या रूपाने टिकविण्याची दृष्टी भारतीयांना नवी नाही. पाटण आणि जेसलमेर येथील ज्ञानभांडारांत ताडपत्रांवरील ग्रंथ शतकानुशतके राहिले, ते लिहिणाऱ्यांइतकेच राखणाऱ्यांमुळे. ज्ञानपंचमी आणि श्रुतपंचमी या तिथींना ग्रंथांच्या पूजनाबरोबर त्यांची झाडपूस करण्याची, वेष्टने बदलण्याची, जीर्ण पोथीची नवी प्रत करविण्याची प्रथा पूर्वजांनी घालून दिली. पाणी, अग्नी आणि निष्काळजी हात यांपासून पोथीचे रक्षण करा, अशी विनंती लेखनिक ग्रंथाच्या शेवटी करीत. चित्रपटाच्या जतनाचे शास्त्रही याहून वेगळे काही सांगत नाही. कोरड्या व थंड जागी ठेवा, वरचेवर उघडून पाहा, वेळेत प्रत करा आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा, हाच त्याचा सारांश आहे.

शिरूर-दौंडमधील अनेक घरांत आज जुन्या लग्नांच्या कॅसेट, दीक्षा-महोत्सवांची छायाचित्रे, निगेटिव्हच्या पट्ट्या आणि क्वचित एखादे आठ मिलिमीटरचे रीळ असेल. बहुतेक ठिकाणी ते पत्र्याच्या माळ्यावर वा भिंतीतल्या ओलसर फडताळात असते. तेथे उन्हाळ्यातील ताप आणि पावसाळ्यातील दमट हवा त्यांचा नाश करीत असते. निगेटिव्ह टाकून न देता कागदी पाकिटात घालून घरातील कोरड्या, तुलनेने थंड जागी ठेवणे, छायाचित्रामागे पेन्सिलीने व्यक्तींची नावे व वर्ष लिहिणे, कॅसेट चालू अवस्थेत आहेत तोवर त्यांची संगणकीय प्रत करून ती दोन ठिकाणी ठेवणे, एवढे प्रत्येक कुटुंबास सहज जमण्यासारखे आहे. नावे सांगू शकणारी वडीलधारी माणसे आहेत, तोवरच हे काम उरकले पाहिजे. ती नाहीत म्हटल्यावर उत्तम अवस्थेतील छायाचित्रही मुके होते.

फाळके यांच्या घरातील एका वहीने 'कालिया मर्दन' परत मिळवून दिला. घराघरांतील माळ्यांवर अशा वह्या अजून आहेत. त्या शोधून, उन्हे दाखवून, नावे लिहून पुढच्या पिढीच्या हाती देणे हे दादरच्या त्या अंधारखोलीत जागलेल्या सरस्वतीबाईंच्या कामाचेच पुढचे पाऊल होय.